‘भंगारच तर आहे, मामा!’

पत्र थोडक्यात असं : जळगाव शहरात मिक्सर, कूलर, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या एका वाचकांनी लिहिलंय. त्यांची थोरली बहीण शहादा तालुक्यात असते, घरची शेती आहे. तिचा सोळा वर्षांचा मुलगा अकरावीसाठी मामाकडे राहतोय. मुलगा हुशार, दुकानात हात चांगला चालतो, बंद पंखा एकट्याने खोलून सुरू करतो. दिवाळीपासून तो आणि त्याचे तीन मित्र दुकानामागच्या शेडमधली जुनी यंत्रं गाडीवर घालून गिरणेकाठच्या एका मित्राच्या मळ्यात नेतात, फोडतात, पेटवतात आणि त्याचे रील टाकतात. वॉशिंग मशीनच्या ड्रायरमध्ये वीट टाकून फिरवली, मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडवल्या, पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या) जाळात डिओचे डबे टाकले. डब्यांचं रील बरंच चाललं. त्याच दिवशी भाच्याच्या भुवया होरपळल्या आणि मनगटावर फोड आला. मामींनी टूथपेस्ट लावली. ‘आईला सांगू नका’ असं त्याने दोघांकडून कबूल करून घेतलं. आता पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही आणि एक बंद फ्रिज पेटवायचा बेत रीलमुळे मामांना कळलाय. ते विचारतात : बहिणीला सांगितलं तर दाजी त्याला दुसऱ्या दिवशी गावी नेतील आणि शिक्षण तिथेच थांबेल, नाही सांगितलं आणि काही झालं तर तिला तोंड कसं दाखवू? मोबाईल काढून घ्यावा का? की मीच सोबत उभं राहून करू द्यावं, म्हणजे निदान नजरेसमोर राहील? ‘भंगारच तर आहे, मामा,’ हे त्याचं म्हणणं तसं खोटंही नाही.

भाऊ, बहिणीचं नंतर बोलू. आधी आज दुकान वाढवताना मागच्या शेडला कुलूप लावा आणि किल्ली स्वतःकडे ठेवा. भाच्याला सांगून लावा, लपवून नको. ‘आपलं नीट बोलणं होईपर्यंत इथली एकही वस्तू बाहेर जाणार नाही,’ एवढंच वाक्य पुरे. टीव्ही आणि फ्रिज आजच्या आज शेडच्या आत, शक्यतो भिंतीकडे आणि पुढे काहीतरी जड वस्तू ठेवून.

आता त्याचं ते वाक्य, जे तुम्हालाही अर्धंमुर्धं पटलंय. पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात, की ठिणग्या उडवलेला मायक्रोवेव्ह एका गिऱ्हाइकाने आठ महिन्यांपूर्वी दुरुस्तीला टाकलेला होता आणि परत न्यायला ते आलेच नाहीत. भाऊ, ती वस्तू अजून त्यांची आहे. उद्या ते पावती घेऊन उभे राहिले तर दुकानाचं नाव जाईल. तुमच्या शेडमध्ये खरं भंगार किती आणि न नेलेला माल किती, हे तुम्हीही वेगळं ठेवलेलं नाही, मग मुलाने कसं ओळखावं?

आणि दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. बंद पडलेलं यंत्र रिकामं नसतं. हे तुमच्या हातांना माहीत आहे. मायक्रोवेव्ह उघडला की तुम्ही बोलता बोलता आधी कंडेन्सर (वीज साठवून ठेवणारा भाग) डिस्चार्ज करता, मगच बोट आत घालता. इतक्या वर्षांच्या सवयीमुळे ती हालचाल तुम्हालाही जाणवत नाही. शेजारी बसलेल्या मुलाला मात्र एवढंच दिसतं, की मामा उघड्या मायक्रोवेव्हमध्ये हात घालतात आणि काही होत नाही. तो निष्काळजी आहे म्हणून हे करत नाही. तुमच्याकडून त्याने तुमचा सहजपणा उचलला, त्यामागची खबरदारी त्याला कुणी दाखवलीच नाही. म्हणून ‘मुलगा बिघडला’ हे तुमच्या पत्रातलं वाक्य मला मान्य नाही. तो अर्धवट शिकलाय, आणि तुमच्या धंद्यात अर्धवट शिकलेला माणूसच जास्त धोक्यात असतो.

त्याच्याशी बोलायला बसाल तेव्हा ‘धोका असतो’ असं मोघम सांगू नका. ते त्याने शंभर वेळा ऐकलंय आणि प्रत्येक रीलनंतर तो सुखरूप घरी आलाय, म्हणून त्याच्या लेखी ते खोटं ठरलंय. त्याला आकडे द्या. मुलगा हिशेबाचा आहे, आकडा ऐकेल.

वीटवाल्या ड्रायरपासून सुरुवात करा. सेमी ऑटोमॅटिकचा ड्रायर मिनिटाला साधारण १३०० फेरे मारतो. टोपलीच्या मध्यापासून कडा १३ सेंटिमीटर धरा. त्या वेगाला कडेवरची वस्तू ताशी साठ किलोमीटरहून जास्त वेगाने पळत असते आणि तिच्या वजनाच्या सुमारे अडीचशे पट जोराने बाहेर दाबते. वीट तीन किलोची. म्हणजे पूर्ण वेग मिळाला तर टोपलीच्या एका बाजूवर सातशे किलोच्या आसपास जोर. बहुतेक वेळा टोपली त्याआधीच दांड्यावरून निखळते, म्हणून रीलमध्ये मशीन नाचताना दिसतं आणि हसू येतं. पण निखळताना वीट किंवा प्लास्टिकचा तुकडा कुठल्या दिशेने सुटेल हे कुणी सांगू शकत नाही, आणि मोबाईल धरणारा मुलगा नेमका टोपलीच्या उंचीला वाकलेला असतो. मिक्सरचं भांडं तर त्याहून वाईट, मोटर रिकामी मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे मारते. पात्याचा तुकडा सुटला तर तो डोळ्यांना दिसणारही नाही.

मळ्यात हे मशीन चाललं कशावर, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज, विहिरीच्या मोटारीच्या पेटीतून वायर काढली असणार. हे त्याला आवर्जून विचारा, कारण मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते. शेतीची लाइन थ्री फेज. चुकून दोन फेज जोडले गेले तर २३० ऐवजी ४०० च्या आसपास व्होल्टेज मिळतं आणि त्यावर घरगुती मशीनचा कंडेन्सर फुटतो. एक फेज आणि न्यूट्रलऐवजी जमिनीत ठोकलेली सळई असा जुगाड केला तर सळईभोवतीची माती जिवंत होते, आणि विहिरीजवळची माती ओली असते. त्या पेटीत गळती ओळखून लाइन तोडणारं आरसीसीबी सहसा नसतं. घरात चटका बसून हात मागे आला असता, तिथे हात चिकटून राहतो.

आता डिओचे डबे. डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की ५० अंशांच्या वर तापू देऊ नका. आतला दाब देणारा वायू म्हणजे ब्युटेन आणि प्रोपेन, थोडक्यात स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद, दाबाखाली पातळ झालेला. डबा जाळात तापला की आतल्या पातळ वायूची वाफ होत जाते, दाब वाढत जातो आणि शेवटी डब्याचा तळ किंवा माथा सुटतो. त्या क्षणी उरलेला सगळा वायू एकदम बाहेर येऊन पेटतो. त्याचाच तो गोळा, ज्याने भुवया गेल्या. तळ सुटला तर उरलेला डबा स्वतःच्याच जोराने उडतो. किती वेळात फुटेल याचा काही नेम नाही : अर्धा भरलेला डबा, जाळात उभा की आडवा, वारा कुठून, यावर मिनिटं बदलतात. म्हणूनच ‘अजून फुटला नाही’ म्हणून बघायला जवळ जाणं हा यातला सर्वांत घातक क्षण असतो. आपल्याकडे तर जाळाचीही गरज नाही. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा उन्हातला पत्रा किंवा बंद गाडीची डिकी सहज ५० च्या पुढे जाते. शेडमध्ये असे डबे, लायटर, पेंटचे स्प्रे पडले असतील तर आजच सावलीत हलवा.

फोडाचं काय केलंत ते वाचून थांबावंसं वाटलं. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, बर्फ यातलं काहीही भाजल्यावर लावू नये. वाहत्या साध्या पाण्याखाली पूर्ण वीस मिनिटं धरायचं, घड्याळ लावून. पाच मिनिटांत बरं वाटलं तरी काढायचं नाही. भाजून तीन तास होईपर्यंत याचा उपयोग होतो. अंगठी, कडं, घड्याळ सूज यायच्या आत काढायचं. कातडीला चिकटलेलं कापड ओढायचं नाही. मग स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कापडाने सैल झाकायचं. फोड फोडायचा नाही. हात, चेहरा, सांधा किंवा गुप्तांग भाजलं असेल तर जखम लहान असली तरी डॉक्टरांना दाखवायची. मनगट सांध्यातच येतं, म्हणून उद्या सकाळी घेऊन जा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा. कपडे पेटले तर पळायचं नाही. जमिनीवर आडवं होऊन लोळायचं, दुसऱ्याने सुती चादर किंवा गोधडी घट्ट गुंडाळायची. घरात प्रत्येकाला १०८ आणि ११२ पाठ असू द्या.

टीव्हीबद्दल. पिक्चर ट्यूबच्या आत हवा काढून टाकलेली असते. २१ इंची ट्यूबच्या नुसत्या समोरच्या काचेवर बाहेरच्या हवेचा दाब तेराशे किलोच्या घरात असतो, रात्रंदिवस. काच तडकली की आधी सगळं आत ओढलं जातं आणि लगेच तितक्याच जोराने बाहेर उसळतं. शिवाय त्या काचेत शिसं असतं, आणि टीव्ही बंद करून ठेवला तरी ट्यूबच्या वरच्या टोपीपाशी हजारो व्होल्टचा भार राहिलेला असू शकतो. चालू असताना तिथे पंचवीस हजारांच्या आसपास असतात.

फ्रिज त्याहून फसवा, कारण तो निरुपद्रवी दिसतो. अलीकडच्या फ्रिजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो. कॉम्प्रेसरवर ज्वाळेचं पिवळं चिन्ह बघा. पन्नास ग्रॅमच असेल, पण हवेत दोन टक्क्यांच्या आतबाहेर मिसळला तरी तो पेटतो, म्हणजे पन्नास ग्रॅम वायू जवळजवळ एक घनमीटर हवा पेटती करू शकतो. जुन्या फ्रिजमधला वायू पेटत नाही, पण जाळात त्याचं विघटन होऊन फुफ्फुसं जाळणारं आम्ल तयार होतं. कॉम्प्रेसर हा तेल भरलेला बंद लोखंडी गोळा, जाळात त्याचं काय होणार हे डब्यांवरून कळलंच असेल. आणि दारांच्या आतला फोम पेटला की त्याच्या काळ्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर सायनाइडचा वायू असतो. उघड्यावर आहोत म्हणून तो धूर चालतो, असं नाही. वाऱ्याची दिशा फिरली की दोन श्वासांत माणूस खाली बसतो. ड्रिपच्या जुन्या नळ्या, वायरींचं पीव्हीसी, थर्मोकोल जाळातही धूर असाच घातक. तांब्यासाठी वायरी जाळणारे आपल्याकडे आहेत, त्यांच्याकडून मुलं हे शिकतात.

मायक्रोवेव्हबद्दल तुम्हाला मी काय सांगावं. पण त्याला तुम्ही सांगा : आत दोन हजार व्होल्टचा कंडेन्सर आहे, पिन काढल्यावरही भार धरून ठेवतो, भार जिरवणारा रेझिस्टर असतो, पण तो उडालेला असेल तर बाहेरून कळत नाही. दाराचे स्विच बांधून, दार उघडं ठेवून चालवलं तर पहिली इजा डोळ्यांना होते. आणि इंटरनेटवर मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढून लाकडावर विजेच्या फांद्यांची नक्षी जाळायचे जे व्हिडिओ फिरतात, त्यात कित्येक माणसं जागच्या जागी मेली आहेत, त्यातले अनुभवी कारागीरही होते. त्या झटक्यातून परत येऊन चूक सुधारायची संधी मिळत नाही. हे एक काम तुमच्या दुकानात कायमचं बंद, याला अपवाद नाही.

पेट्रोलचा उल्लेख पत्रात नाही, पण पऱ्हाटी पटकन पेटवायला मुलं बाटलीभर पेट्रोल नेतात, तेव्हा विचारून घ्या. पेट्रोल नव्हे, त्याची वाफ पेटते, आणि ती हवेहून जड असल्याने जमिनीलगत पसरत जाते. काडी दहा पावलं लांब ओढली तरी आग पायांशी येते. जळत्या आगीवर बाटली ओतली तर ज्वाळा धारेवरून चढून हातात येते. सॅनिटायझर किंवा स्पिरिटची ज्वाळा तर उन्हात दिसतही नाही.

एक गोष्ट खास आपल्या पट्ट्यातली. वानरं-पाखरं हाकायला शेतात कार्बाइडच्या नळ्या वाजवतात. फळं पिकवायला कार्बाइड वापरण्यावर कायद्याने बंदी आहे, तरी ते मुलांच्या हाती लागतं. २०२५ च्या दिवाळीत भोपाळसह मध्य प्रदेशातल्या अनेक शहरांत या नळ्यांमुळे मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाल्या, काहींची दृष्टी गेली. त्यातून निघणारा अ‍ॅसिटिलीन वायू हवेत अडीच टक्के असो की ऐंशी टक्के, पेटतोच. ‘वाजली नाही’ म्हणून मूल नळीत डोकावतं आणि तेव्हाच ती वाजते. वर उडणारा चुना डोळ्यात गेला तर तो आत आत जाळत जातो. अशा वेळी कण हलक्या हाताने काढून, डोळा चोळू न देता, किमान अर्धा तास सतत पाण्याने धुवायचं आणि धूत धूतच दवाखाना गाठायचा. ही नळी त्या चौघांपैकी कुणाकडे आहे का, हे विचारल्याशिवाय बोलणं संपवू नका.

‘मोकळं रान आहे, आजूबाजूला कुणी नाही’ हे तुमचंही म्हणणं दिसतं. खानदेशात फाल्गुन ते ज्येष्ठ मोकळं रान म्हणजे बांधावर पऱ्हाटीचे ढीग, गव्हाचं काड, कडब्याची गंजी, केळीची वाळलेली पानं आणि दुपारी सुटणारा कोरडा वारा. ठिणगी शंभर फूट सहज जाते. कपाशी घरात भरलेली असेल तर विचारूच नका. कापूस वरून विझलेला दिसतो आणि आत तासन्‌तास धुमसत राहतो, जिनिंगमधल्या कुठल्याही माणसाला विचारा. अग्निशमन दलाचा बंब गावाबाहेरच्या मळ्यापर्यंत पोचेस्तोवर गंजी संपलेली असते. आगीच्या बाबतीत निष्काळजीपणाने दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मुलं अठराच्या आतली असल्याने त्यांचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाईल, पण रील हाच पुरावा असेल आणि तो त्यांनीच तयार केलेला असेल.

यावरून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. सोबत उभं राहून करू द्यायचं नाही. तुमच्या उभं राहण्याने डब्यातला दाब कमी होत नाही. उलट तो चौघांना सांगेल की मामा समोर होते, आणि पुढच्या वेळी तुम्ही नसलात तरी ती परवानगी त्यांच्याजवळ राहील. ‘नजरेसमोर’ हा विचार पोहायला शिकवताना बरोबर आहे, इथे नाही.

मोबाईल काढून घेऊ नका, निदान आत्ता. टीव्ही-फ्रिजचा बेत तुम्हाला कळला तो त्या रीलमुळेच. मोबाईल गेला तर कॅमेरा दुसऱ्या मित्राच्या हातात जाईल आणि तुमची खिडकी तेवढी बंद होईल. त्याऐवजी त्याला एक गोष्ट समोर बसून दाखवा : पहिल्या रीलला काय केलं, दुसऱ्याला काय, तिसऱ्याला काय, आणि प्रत्येक वेळी लोकांनी काय मागितलं. विटेनंतर त्यांना आग हवी झाली, आगीनंतर स्फोट हवा झाला. बघणाऱ्याला त्याचं मनगट दिसत नाही. पैशांची गोष्ट निघेल, तर तिथेही खरं ते सांगा. अल्पवयीन मुलं धोकादायक कृती करताना दिसणारे व्हिडिओ यूट्यूबच्या नियमांनुसार काढले जातात. आणि जाहिरातीचे पैसे घ्यायचं खातं अठरा वर्षांखाली स्वतःच्या नावावर निघत नाही, पालकाचं लागतं. म्हणजे तो ज्या कमाईचं स्वप्न बघतोय, तिचा रस्ताही आई-वडिलांना सांगूनच जातो.

पण नुसतं ‘हे नको’ म्हणून तो थांबणार नाही, आणि मला वाटतं थांबवूही नये. यंत्राच्या आत काय आहे हे बघायची त्याची ओढ खरी आहे. फोडणं हा ते बघण्याचा सगळ्यात वाईट मार्ग, कारण फुटल्यावर काहीच कळत नाही. त्याला खोलायला द्या आणि तेच चित्रित करू द्या. मिक्सर चालता चालता बंद पडला की लोक तो फेकून देतात; खालचं लाल ओव्हरलोड बटण दाबलं की तो चालू होतो, हे निम्म्या घरांना माहीत नाही. पंखा हळू का फिरतो, अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर उतरला की काय होतं, तो बदलताना मेन का पाडायचा. ड्रायर फिरत नाही तेव्हा दोष बहुधा मोटरमध्ये नसून झाकणाच्या स्विचमध्ये किंवा ब्रेकच्या वायरमध्ये असतो. आणि येत्या दोन महिन्यांत आपल्याकडे सगळ्यात उपयोगाचा व्हिडिओ म्हणजे कूलरमध्ये करंट का उतरतो. पाण्यातल्या पंपाच्या वायरचं आवरण झिजतं, बॉडी पत्र्याची असते, दोन पिनांच्या जुगाडात अर्थिंग राहिलेलंच नसतं, आणि बाई ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून चालू कूलरमध्ये पाणी भरते. तीन पिनांचा प्लग, तपासलेलं अर्थिंग, ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी, आणि पाणी भरायच्या आधी नुसतं बटण बंद न करता प्लग उपसून ठेवणं, या चार गोष्टी तो अहिराणीत सांगेल तर शहाद्यापासून रावेरपर्यंत लोक ऐकतील. यातून त्याला फॉलोअर कमी मिळतील असं समजू नका.

त्यासाठी दुकानात काही नियम आता कागदावर येऊ द्या. वस्तू भंगारात टाकायची ठरली, की त्याच दिवशी तिची वायर बॉडीपाशी कापायची, म्हणजे ती कुणीच लाइनला लावू शकत नाही. न नेलेल्या मालाला गिऱ्हाइकाचं नाव, तारीख लिहून वेगळी मांडणी. मायक्रोवेव्ह, पिक्चर ट्यूब, फ्रिज-एसीचे कॉम्प्रेसर, मोबाईल आणि पॉवर बँकच्या बॅटऱ्या, इन्व्हर्टरची बॅटरी यांना भाच्याने हात लावायचा नाही, वय अठरा झालं तरी नाही, रीतसर शिकेपर्यंत नाही. मायक्रोवेव्ह तुम्ही डिस्चार्ज करून ठेवा. फुगलेली लिथियम बॅटरी टोकांना टेप लावून, पत्र्याच्या डब्यात वाळूवर, घराबाहेर. ती पेटली तर भरपूर पाणी लागतं आणि विझल्यावर काही तासांनी पुन्हा पेटू शकते. फ्रिजचं दार बिजागरीतून काढून ठेवा, लहान मुलं आत लपतात. मग हे सगळं अधिकृत ई-कचरा पुनर्वापरवाल्याकडे. २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार कंपन्यांवर त्याचा रीतसर पुनर्वापर करून घेण्याची जबाबदारी आहे, त्यांच्या सेवा केंद्रातून पत्ता मिळतो. भाच्याच्या वाट्याला मिक्सर, पंखे, इस्त्री, वॉशिंग मशीनचा गिअरबॉक्स, सगळं वायर कापलेलं. डोळ्यांवर पॉलिकार्बोनेटचा चष्मा. लाइन लावून बघायची वेळ आली तर सिरीज बोर्डावर (मध्ये बल्ब जोडलेल्या बोर्डावर), तुमच्या समोर. बारावीनंतर आयटीआयला इलेक्ट्रिशियन किंवा रेफ्रिजरेशन-एसीचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, हे त्याच्या कानावर आत्तापासून घाला. दाजींनाही हे ऐकायला बरं वाटेल.

आता बहीण. तुम्ही शब्द दिलाय, हे मला कळतं. पण भाजल्याची गोष्ट लपवण्याचा शब्द पाळायचा नसतो. मुलाला इजा झाली की आई-वडिलांना कळणं हा त्यांचा हक्क आहे. उद्या भूल द्यायची वेळ आली तर दवाखान्यात सही त्यांचीच लागेल आणि तेव्हा पहिल्यांदा हे कळणं फार वाईट. म्हणून सांगायचं, मात्र त्याच्या मागून नाही. त्याला सांगा, ‘येत्या रविवारपर्यंत तू सांग, मी शेजारी बसतो. नाही सांगितलंस तर सोमवारी मी सांगेन.’ यात धमकी नाही आणि लपवाछपवीही नाही. बहुतेक मुलं मुदतीच्या आदल्या दिवशी सांगतात.

दाजी त्याला घेऊन जातील हे तुम्ही गृहीत धरलंय. ते रागावतील हे नक्की. पण त्यांच्यासमोर फक्त अपराध ठेवलात तर त्यांच्या हाती शिक्षेशिवाय काय उरतं? कुलूप लावलं, डॉक्टरांना दाखवलं, दुकानाचे नियम हे असे, रोज दुकानात दीड तास माझ्याबरोबर, आणि वार्षिक परीक्षेपर्यंत त्याला इथेच राहू द्या, हे सगळं एका दमात सांगा. एवढं करूनही ते नेणार असतील तर नेऊ द्या. मुलगा त्यांचा आहे, आणि शहाद्यातही कॉलेजं आहेत. ‘मामाकडून गेला’ याचं तुम्हाला वाईट वाटेल. पण बहिणीपासून हे लपवून त्याला ठेवून घेणं तुम्हाला झेपणार नाही, हे तुमच्या पत्रातच दिसतंय. त्याने सांगायच्या आधी रीलची लिंक मात्र पाठवू नका. आईने आधी आग बघितली तर पुढचं तिला ऐकू येणार नाही.

उरलेल्या तिघांच्या घरीही कळायला हवं. पहिला फोन मळा ज्यांचा आहे त्यांना करा, आणि लगेच करा. त्या जाळात टाकलेले डबे सगळे फुटले याची खात्री मुलांना नसणार. न फुटलेला डबा राखेत किंवा शेजारच्या ढिगात पडलेला असेल आणि त्यांनी पऱ्हाटी पेटवली, तर समोर ते स्वतः उभे असतील. राख पूर्ण थंड असताना, सकाळच्या वेळी, लांब दांड्याच्या पंजाने पसरून बघायला सांगा. डबा सापडला तर तो भोसकायचा नाही, दाबायचा नाही, सावलीत बाजूला ठेवायचा. किती डबे नेले होते आणि किती फुटताना रीलमध्ये दिसतात, हा हिशेब भाच्याकडून लिहून घ्या आणि तो कागद फोन करताना हातात असू द्या.